पाचव्या बदामाचा भाव

फिक्स्ड लिमिट पोकरमध्ये अर्धवट जमलेल्या पानांवर पैसे कधी लावावेत आणि कधी पानं खाली ठेवावीत

टेबलावर चार पानं उघडी आहेत: बदामाची राणी, बदामाची तिर्री, इस्पिकची दश्शी आणि किल्वरची चव्वी. पाचवं, शेवटचं पान अजून उघडायचं आहे. तुमच्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची सत्ती आहे. म्हणजे चार बदाम जमले. पाचवं आलं की डाव बहुतेक तुमचा. आत्ता मात्र साधी जोडीसुद्धा नाही. समोरच्याने आत्ताच लावलेले ८ डॉलर धरून मधोमध ४० डॉलर जमले आहेत. शेवटचं पान बघायचं असेल तर तुम्हालाही ८ डॉलर भरावे लागतील.

बदाम येण्याची शक्यता पाचात एकाहूनही थोडी कमी आहे. पाचपैकी चार वेळा ८ डॉलर जाणार हे दिसत असताना ते भरावेत का? पहिल्यांदा पोकर बघणारा माणूस ‘नको’ म्हणतो. मुरलेला खेळाडू क्षणभरही न थांबता पैसे भरतो.

आता तीच चार पानं आणि तेच ४० डॉलर राहू देत, फक्त हातातली पानं बदलू. किल्वरची नव्वी आणि चौकटची अठ्ठी. अठ्ठी, नव्वी, दश्शी, राणी अशी माळ तयार आहे, मधला गुलाम आला की सलग पाच पानं. हाही डाव एका पानासाठीच अडलेला आहे. पण या वेळी तोच मुरलेला खेळाडू तितक्याच शांतपणे पानं खाली ठेवतो.

दोन्ही वेळा हातात काही नव्हतं आणि दोन्ही वेळा हरण्याचीच शक्यता जास्त होती. तरी एकदा पैसे भरणं बरोबर आणि एकदा चूक. असं का, ते समजायला लागणारं गणित चौथी-पाचवीतलं आहे. अवघड आहे ते भर डावात, पैसे समोर असताना, त्या गणितावर विसंबून राहणं.

दर नियमाने ठरलेला

आपण बोलतोय तो खेळ टेक्सास होल्डेम. टेक्सासमधलं रॉब्सटाउन हे या खेळाचं जन्मगाव असल्याचं त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये मान्य केलं. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती त्याची एकट्याची. मग टेबलावर सर्वांच्या मालकीची पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग चौथं, टर्न, शेवटी पाचवं, रिव्हर. आपली दोन आणि टेबलावरची पाच अशा सातांतून सर्वांत भारी पाच पानं ज्याची, पॉट त्याचा. पॉट म्हणजे मधोमध जमलेले सगळे पैसे. तीन पत्ती खेळणाऱ्यांना ‘कलर’ आणि ‘सिक्वेन्स’ ठाऊक असतातच. पोकरमध्ये त्यांना फ्लश आणि स्ट्रेट म्हणतात, पाच पानांचे असतात, आणि तीन पत्तीच्या उलट तिथे फ्लश स्ट्रेटपेक्षा भारी ठरतो.

पैसे लावायच्या चार फेऱ्या होतात: फ्लॉपच्या आधी, फ्लॉपनंतर, टर्ननंतर आणि रिव्हरनंतर. ‘४-८’ नावाच्या फिक्स्ड लिमिट टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत एका वेळी ४ डॉलरच लावता किंवा वाढवता येतात आणि पुढच्या दोन फेऱ्यांत ८ डॉलरच. कमीही नाहीत, जास्तही नाहीत. एका फेरीत किती वेळा वाढवायचं यालाही बंधन असतं. बऱ्याच ठिकाणी एक बेट (पैसे लावणं) आणि त्यावर तीन रेज (वाढवणं), की झालं. पुढे सगळी उदाहरणं मी याच टेबलावरची घेतली आहेत.

टीव्हीवर दिसणारा, सगळे पैसे एकदम पुढे ढकलण्याचा खेळ तो हा नव्हे, तो नो-लिमिट. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या हौशी खेळाडूने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, तेव्हापासून नो-लिमिटची लाट आली. त्याआधी लास व्हेगास आणि कॅलिफोर्नियातल्या कार्डरूममध्ये रोजचा खेळ बहुतेक फिक्स्ड लिमिटचाच असे. लिमिट याचा अर्थ लहान रक्कम असा मात्र नाही. डॅलसचे बँकर अँडी बील २००१ ते २००६ या काळात लास व्हेगासमध्ये व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक फिक्स्ड लिमिट खेळले, तेव्हा दर कधी कधी १ लाख-२ लाख डॉलरपर्यंत चढला होता. नियम मात्र ४-८ चेच.

नो-लिमिटमध्ये पुढचं पान तुम्हाला कितीला द्यायचं हे समोरचा खेळाडू ठरवतो. पॉटमध्ये ३२ डॉलर असतील तर तो आणखी ३२ लावून पान महाग करू शकतो. फिक्स्ड लिमिटमध्ये त्याच्या हातात हे नाही. भारीत भारी पानं घेऊन बसलेल्या माणसालाही टर्नला ८ डॉलरच लावता येतात, मग पॉट ३२ चा असो की ३२० चा. त्यामुळे अपुऱ्या पानांचा प्रश्न इथे जवळजवळ निव्वळ गणिताचा होतो, आणि मला हा प्रकार शिकण्यासाठी सर्वांत चांगला वाटतो तो याचसाठी.

लागणारी पानं मोजा

अजून न बनलेला, पण एका पानाने बनू शकणारा डाव म्हणजे ड्रॉ. तो पूर्ण करणारी जेवढी पानं गड्डीत उरली असू शकतात, त्यांना खेळाडू ‘आउट्स’ म्हणतात. आपण त्यांना लागणारी पानं म्हणू.

गड्डीत ५२ पानं. हातातली दोन आणि टेबलावरची चार अशी सहा तुम्हाला दिसली, ४६ दिसली नाहीत. त्यातली काही इतरांच्या हातात असतील, काही आधीच बाजूला गेली असतील. पण कोणती कुठे आहेत हे कळायला मार्ग नसल्याने न दिसलेलं प्रत्येक पान पुढे येण्याची शक्यता सारखीच धरायची. बदामाची एकूण १३ पानं, त्यातली ४ दिसली, उरली ९. म्हणजे ४६ पैकी ९ पानं तुम्हाला जिंकवणारी आणि ३७ हरवणारी. हरण्या-जिंकण्याचं प्रमाण ३७ ला ९, म्हणजे साधारण ४.१ ला १.

गुलामाची वाट पाहणाऱ्याचं काय? गुलाम चारच. ४ जिंकवणारी, ४२ हरवणारी. साडेदहा ला एक.

रमी खेळणाऱ्याला हा फरक न शिकवता कळतो. हातात सत्ती-अठ्ठी असली तर छक्कीही चालते आणि नव्वीही. सत्ती-नव्वी असली तर फक्त अठ्ठीच हवी. मधल्या पानासाठी अडकून पडणं वाईट, हे घराघरांतली मुलं दिवाळीच्या सुट्टीत शिकतात. पोकरमध्येही दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेटला आठ पानं चालतात आणि मधलं पान हवं असलेल्याला चार. फरक एवढाच की रमीत वाट पाहायला वेगळे पैसे पडत नाहीत, इथे प्रत्येक पानाला दर आहे.

| चौकट: टर्ननंतर, एकच पान उरलं असताना | लागणारी पानं | पान न लागण्याचा भाव |
|---|---|---|
| फ्लश आणि दोन्ही टोकं उघडी स्ट्रेट, दोन्ही एकदम | १५ | सुमारे २.१ ला १ |
| फ्लशला एक पान कमी | ९ | ४.१ ला १ |
| दोन्ही टोकं उघडी स्ट्रेट | ८ | पावणेपाच ला १ |
| स्ट्रेटचं मधलं पान | ४ | साडेदहा ला १ |
| दोन जोड्यांवरून फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) | ४ | साडेदहा ला १ |
| हातातल्या जोडीचं तिसरं पान | २ | २२ ला १ |

फ्लॉपनंतर न दिसलेली पानं ४७ असतात, म्हणून हे भाव किंचित वाढतात. फ्लशचा ४.२ ला १ होतो, मधल्या पानाचा पावणेअकरा ला १. टेबलावर बसल्यावर एवढ्या बारीक फरकाने क्वचितच काही अडतं.

पॉट काय भाव देतो?

दुसरी बाजू पैशांची. ८ डॉलर भरून ४० मिळू शकतात, म्हणजे पॉट तुम्हाला ५ ला १ भाव देतोय. पान न लागण्याचा भाव ४.१ ला १. पॉटचा भाव जास्त असेल तर भरायचं, कमी असेल तर सोडायचं. निर्णयाचं सगळं मर्म या तुलनेत आहे.

ते खरं कसं, हे पाहायला हाच डाव ४६ वेळा खेळला आणि न दिसलेलं प्रत्येक पान एकेकदा आलं असं धरू. ३७ वेळा ८ डॉलर गेले: २९६ डॉलरचा तोटा. ९ वेळा ४० डॉलर मिळाले: ३६० ची कमाई. ४६ डावांत ६४ डॉलर वर, म्हणजे दर वेळी साधारण १ डॉलर ४० सेंट. पाचपैकी चार वेळा हरूनसुद्धा.

गुलामाचा हिशेब तसाच मांडला तर ४२ वेळा ८ जाऊन ३३६ चा तोटा आणि ४ वेळा ४० मिळून १६० ची कमाई. १७६ डॉलर खाली. पॉटने दिलेला भाव तोच, ५ ला १. पण हवा होता साडेदहा ला एक. खेळाडूच्या दोन वेळच्या वागण्यातला फरक एवढाच होता.

या ४० डॉलरांत तुमचेही ८ आहेत: चार फ्लॉपच्या आधीचे, चार नंतरचे. ‘एवढे घातले, आता कसं सोडू?’ हा विचार इथे मनात येतोच येतो, आणि तो डाव बिघडवतो. पॉटमध्ये गेलेले पैसे कोणाचेच नसतात. ते मोजायचे ते बक्षिसाचा भाग म्हणून, आपली गुंतवणूक म्हणून नाही. शक्यतांचं गणित जन्माला आलं तेही नेमक्या याच जागेवर. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून एक जुनं कोडं सोडवलं: दोघांमधला पैशांचा खेळ मध्येच थांबवावा लागला, तर जमलेली रक्कम कशी वाटायची? तोवरच्या लोकांनी झालेल्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाटून पाहिलं होतं. या दोघांनी मागे पाहणं सोडून पुढे पाहिलं: खेळ चालू राहिला असता तर किती प्रकारे संपला असता, आणि त्यांतल्या किती प्रकारांत कोण जिंकला असता? टर्नला ८ डॉलर हातात घेऊन बसलेला खेळाडू तेच करत असतो.

टेबलावर डॉलर मोजत बसणं जड जातं. फिक्स्ड लिमिटचे खेळाडू म्हणून ‘बेट’ मोजतात. आपल्या डावात फ्लॉपच्या आधी पाच जणांनी एकेक बेट भरला: पाच. फ्लॉपला तिघांनी एकेक: आठ. टर्नला बेट दुप्पट होतो, म्हणून आठाचे अर्धे चार मोठे बेट. समोरच्याने एक लावला, तिसऱ्याने पानं टाकली: पाच. म्हणजे ५ ला १, भागाकार न करता. फ्लॉपलाही असंच पाहता येतं. पाच बेट आधीचे, एकाने लावला, दुसऱ्याने भरला: सात. फ्लशला ४.२ हवे होते, मिळाले ७. तो निर्णय तर फारच सोपा होता.

टर्नला महाग होणारं पान

फ्लॉप आणि टर्न यांच्यामध्ये दर दुप्पट होतो, पण पॉट सहसा दुप्पट होत नाही. मधल्या पानाची वाट पाहणं त्यामुळेच फ्लॉपला कधी कधी परवडतं आणि टर्नला बहुतेक वेळा परवडत नाही.

असं बघा. फ्लॉपच्या आधी एकाने रेज केलं आणि सहा जणांनी ८-८ डॉलर भरले. पॉट ४८. फ्लॉपला एकाने ४ लावले, एकाने भरले; ५६ डॉलर समोर आणि तुम्हाला भरायचेत ४. भाव १४ ला १, हवा पावणेअकरा. गुलामाच्या आशेवरही इथे भरणं बरोबर आहे, कारण फ्लॉपच्या आधीच्या रेजने पॉट फुगवून ठेवला आणि पुढचं पान मात्र ४ डॉलरलाच मिळतंय. पॉट ६० झाला. टर्नला पहिल्याने ८ लावले, दुसरा गेला. ६८ समोर, ८ भरायचे, साडेआठ ला एक. हवा साडेदहा. काही क्षणांपूर्वी स्वस्त असलेलं तेच पान आता महाग झालं.

इथे एक चूक फार जण करतात. फ्लॉपनंतर दोन पानं यायची असतात आणि त्या दोन्हींत मिळून फ्लश लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. हा आकडा पाठ करून लोक तो फ्लॉपच्या ४ डॉलरशी ताडून पाहतात. पण दोन्ही पानं बघायची तर टर्नलाही भरावं लागेल. शक्यता दोन पानांची धरायची असेल तर खर्चही दोन फेऱ्यांचा धरायला हवा. पॉट २० असताना एकच प्रतिस्पर्धी फ्लॉपला ४ आणि टर्नला ८ लावणार असेल, तर तुमचे १२ जातील आणि समोर ३२ असतील, भाव २.६७ ला १. फ्लशला दोन पानांत हवा असतो १.८६ ला १. म्हणजे एकास एक खेळतानाही चांगला फ्लश ड्रॉ शेवटपर्यंत नेता येतो, पण हे कळलं ते दोन्ही बाजू सारख्या मापाने मोजल्यामुळे. मी स्वतः एका वेळी एका पानाचाच हिशेब करण्याच्या बाजूचा आहे. त्यात चुकायला जागा कमी.

अजून न आलेले पैसे

पान लागल्यानंतरही पैसे लावायची एक फेरी उरते. तिच्यात मिळू शकणारे पैसेही हिशेबात धरता येतात. खेळाडू याला ‘इम्प्लाइड ऑड्स’ म्हणतात. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात ही कल्पना सविस्तर येते. मराठीत सांगायचं तर पुढचे पैसे धरून येणारा भाव.

मघाचा ६८ डॉलरचा पॉट घेऊ. गुलाम न येण्याचा भाव साडेदहा ला एक, आणि ८ डॉलरच्या साडेदहा पट म्हणजे ८४. पॉटमध्ये ६८ आहेत, १६ कमी पडतात. गुलाम आला, समोरच्याने ८ लावले, तुम्ही १६ केले आणि त्याने उरलेले भरले, तर त्याच्याकडून नेमके १६ मिळाले. ४२ वेळा ८ जाऊन ३३६ चा तोटा, ४ वेळा ८४ मिळून ३३६ ची कमाई. ना नफा, ना तोटा. आता प्रश्न माणसाचा उरतो. गुलाम पडल्यावर हा माणूस बेट लावेल का, आणि रेज आल्यावर भरेल का? तो सावध असेल तर पानं टाकायची. तुमची पानं बघितल्याशिवाय कधीच न थांबणारा असेल तर भरायला हरकत नाही.

फिक्स्ड लिमिटमध्ये या पुढच्या पैशांनाही कुंपण आहे. एका प्रतिस्पर्ध्याकडून शेवटच्या फेरीत एक-दोन मोठे बेट मिळतील, फार तर त्याहून थोडे जास्त. ‘लागलं तर त्याचं सगळं घेईन’ हा विचार नो-लिमिटमधून इथे आणला की तोटा ठरलेला. सुरुवातीच्या टेबलावर पॉट ४० चा होता आणि गुलामाला ८४ हवे होते. ४४ डॉलर एका फेरीत एकाच माणसाकडून निघतील ही आशा धरण्यासारखी नव्हती.

लागूनही हरवणारी पानं

आत्तापर्यंत आपण धरून चाललो की पान लागलं म्हणजे डाव जिंकला. हे नेहमी खरं नसतं, आणि चांगला खेळाडू नुसता मोजणारा नसून मोजून वजा करणारा असतो.

अठ्ठी-नव्वीवाल्याला चार गुलाम चालतात असं आपण म्हटलं. पण टेबलावर बदामाची राणी आणि तिर्री आहे. बदामाचा गुलाम आला तर त्याचं स्ट्रेट बनेल आणि त्याच पानाने समोर एक्का-सत्तीसारखे दोन बदाम घेऊन बसलेल्याचा फ्लशही बनेल. ते पान वजा करा, उरले तीन. शिवाय दश्शी, गुलाम, राणी टेबलावर आल्यावर कोणाच्या हातात राजा आणि एक्का असतील तर त्याचं स्ट्रेट अजून मोठं. म्हणजे हा ड्रॉ कागदावरही महाग होता आणि प्रत्यक्षात आणखीच महाग निघाला.

दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेटचंही तसंच. टेबलावर एकाच रंगाची दोन पानं दिसत असतील आणि डावात अजून चार-पाच जण असतील, तर आठातली दोन पानं त्या रंगाची आहेत हे लक्षात घ्यायचं. आठाऐवजी सहा धरली की भाव पावणेपाचवरून ६.७ वर जातो. बारीक बदामांचा फ्लश, म्हणजे हातात पंजी आणि छक्की, हाही असाच फसवा. पाचवं बदाम येतं तेव्हा ते ज्याच्या हातात मोठं बदाम आहे त्यालाही येतं.

सुरुवातीच्या एक्का-सत्तीचं बळ इथे दिसतं. राणी आणि तिर्री टेबलावर, एक्का आपल्याकडे. म्हणजे याहून मोठा फ्लश कोणाचा होऊ शकत नाही. त्याच्याही नऊ पानांत दोन अशी आहेत ज्यांच्यावर थोडं थांबावं लागतं: बदामाची दश्शी आणि बदामाची चव्वी. त्यांनी टेबलावर जोडी होते, आणि कोणाकडे आधीच दोन जोड्या किंवा तीन सारखी पानं असतील तर त्याचा फ्लशहून भारी फुल हाउस बनू शकतो. ती दोन पूर्ण वजा करण्याचं कारण नाही, कारण बहुतेक वेळा तसं कोणाकडे नसतं. उलट एक्क्याची जोडी लागूनही कधी कधी डाव जिंकता येतो. वजा-अधिक होऊन आकडा पुन्हा नऊच्या आसपास येतो.

अपुऱ्या पानांवर रेज

आतापर्यंत प्रश्न होता भरायचं की सोडायचं. पण हातात काही नसताना स्वतःहून पैसे वाढवणंही बरोबर ठरू शकतं. हे नव्या माणसाला पटवायला सर्वांत कठीण जातं आणि समजलं की त्याचा खेळ बदलतो.

फ्लॉपला चार बदाम जमलेत, तुमच्याशिवाय आणखी तिघे डावात आहेत आणि ते सोडणार नाहीत असं दिसतंय. तुम्ही ४ डॉलर वाढवले, तिघांनी भरले. या १६ डॉलरांत तुमचा वाटा पाव आहे, पण शेवटपर्यंत फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के. १६ चे ३५ टक्के म्हणजे ५ डॉलर ६० सेंट. ४ घातले, ५.६० चा हक्क मिळवला. दोघेच असतील तर १२ चे ३५ टक्के ४ डॉलर २०, जेमतेम बरोबरी. एकच असेल तर ८ चे २ डॉलर ८०, म्हणजे निव्वळ तोटा. गर्दी जितकी जास्त, तितका मोठा फ्लश ड्रॉ मोलाचा.

रेजचं दुसरं कारण फक्त फिक्स्ड लिमिटमध्ये इतकं नेमकं काम करतं. तुम्ही फेरीत सर्वांत शेवटी बोलणार असाल आणि फ्लॉपला रेज केलंत, तर टर्नला बाकीचे बहुधा दबकून ‘चेक’ करतात, म्हणजे पैसे न लावता फेरी पुढे ढकलतात. तुमचं पान लागलं नसेल तर तुम्हीही चेक करायचं. शेवटचं पान फुकट बघायला मिळालं. स्वस्त फेरीत ४ डॉलर जास्त घालून महाग फेरीतले ८ वाचवले. हा डाव ओळखणारा खेळाडू टर्नला पुन्हा बेट लावून तो मोडू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावं.

भारी पानं असलेल्याकडे ड्रॉवाल्याला अडवायला एकच हत्यार आहे: त्याच्यावर एकाऐवजी दोन बेट एकदम टाकणं. टर्नला पॉट ३२ असताना एकाने ८ लावले आणि दुसऱ्याने लगेच १६ केले, तर मधे ५६ आणि तुम्हाला भरायचेत १६. साडेतीन ला एक. फ्लशला ४.१ हवे. आता एक्क्याचा फ्लश ड्रॉसुद्धा पुढच्या फेरीत दहा-एक डॉलर मिळतील या भरवशावरच टिकतो, आणि मधल्या पानाच्या ड्रॉला तर तिथे काहीच काम उरत नाही. चांगला खेळाडू कुठे बसलाय, तुमच्या आधी बोलतो की नंतर, याला एवढं महत्त्व का, ते इथे कळतं.

यंत्राने सोडवलेला प्रकार

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केलं की दोघांमधलं फिक्स्ड लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सुटलं आहे. त्यांच्या ‘सीफियस’ या संगणकप्रणालीशी माणूस आयुष्यभर खेळला तरी तिच्यापेक्षा सरस असल्याचं खात्रीने सिद्ध करू शकणार नाही, इतकी तिची चाल अचूक आहे. त्यासाठी हाताळावी लागलेली निर्णयाची ठिकाणं होती सुमारे ३ कोटी १९ लाख कोटी. आकडा प्रचंड आहे, पण मर्यादित आहे, आणि मर्यादित राहिला तो दर ठरलेला असल्यामुळेच. प्रत्येक वळणावर सोडा, भरा किंवा वाढवा एवढ्याच वाटा. सहा-आठ जणांच्या टेबलाचा असा उलगडा मात्र या कामातून होत नाही.

सलग न लागणारं पान

गणित बरोबर असलं तरी हातातले पैसे त्याप्रमाणे लगेच हलत नाहीत. टर्नला फ्लशसाठी बरोबर भाव मिळवून दहा वेळा पैसे भरले, तर दहाही वेळा बदाम न येण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे. नवात एकदा असं होणारच. त्या दहांपैकी एकही निर्णय चुकलेला नसतो. खूप लोक नेमके इथे गणितावरचा विश्वास सोडतात. बरोबर भाव असताना पानं टाकायला लागतात किंवा, जास्त वेळा, ‘आता तरी येईलच’ म्हणून चुकीच्या भावाला भरायला लागतात. मागची दहा पानं कोणती आली हे पिसलेल्या गड्डीला ठाऊक नसतं.

शिवाय कार्डरूम प्रत्येक पॉटमधून स्वतःचा वाटा काढून घेते. ४० मधून ४ गेले तर उरले ३६, आणि भाव ५ ऐवजी साडेचार. फ्लशला तो अजून पुरतो. काठावरच्या ड्रॉला पुरत नाही. लहान दरांच्या टेबलांवर हा वाटा पॉटच्या मानाने मोठा असतो आणि बेताने जिंकणाऱ्याला तोच खाऊन टाकतो. ड्रॉचा हिशेब जाणणारा माणूस न जाणणाऱ्यापेक्षा कमी हरतो, एवढं खात्रीने म्हणता येतं. जिंकेलच असं म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात पैसे लावून जुगार खेळण्यावर १८८७ पासूनच्या कायद्याने बंदी आहे. गोव्यात १९७६ च्या कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत आणि पाण्यावरच्या जहाजांवर कॅसिनोंना परवानगी दिली गेली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. पण हे गणित शिकायला पैसे लागतच नाहीत. पाच-सहा जण, एक गड्डी आणि वाटीभर चिंचोके पुरतात: फ्लॉपपर्यंत दोन-दोन चिंचोक्यांचे बेट, टर्नपासून चार-चारांचे. टर्नला जो कोणी चिंचोके भरेल त्याने डाव संपल्यावर तीन आकडे मोठ्याने सांगायचे: लागणारी पानं किती धरली, त्यातली वजा किती केली आणि पॉट किती बेटांचा होता. मग सगळ्यांनी मिळून ते तपासायचे, पान लागलं असो वा नसो.